आईंच्या डब्यातले राणीछाप

थोरली काकू: आईंच्या पितळी डब्यातले राणीछाप चांदीचे रुपये कोणी घासले? स्टीलच्या वाटीसारखे चकाकतायत.

वहिनी: मी, काकू. काळेकुट्ट झाले होते. टूथपेस्ट, जुना ब्रश, दहा मिनिटांत लख्ख 😊

मी: अहो वहिनी, तो काळेपणाच ठेवायचा असतो. हवेतल्या गंधकाने चांदीवर थर बसतो, त्यावरूनच नाणं न घासलेलं कळतं. टूथपेस्टने बारीक ओरखडे पडतात, ते जात नाहीत.

वहिनी: इतकी वर्षं कुणी बोललं नाही. दर दिवाळीत डबा पुसायला मात्र मीच.

आत्या: पंधरा होते.

नानाकाका: 1911 चा आहे का बघा. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोक भडकले, सरकारने मागे घेतला. त्याला भाव आहे.

दादा: हत्ती आमच्याकडे रोज ताटावर दिसतो 😂

वहिनी: कोणाला उद्देशून?

थोरली काकू: चौदाच आहेत. 1862 चे पाच, 1880 चा एक, 1901 चे चार, 1918 चे दोन, 1944 चे दोन.

मी: म्हणजे शेवटचे चार राजाछाप. 1862 बघून हुरळू नका, 1874 पर्यंत तेच साल छापत होते. सालाजवळची टिंबं मोजून प्रकार ठरतो. 1944 च्यात चांदी निम्मीच. बाकीच्यांचं वजन 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के. सोनार तेवढंच मोजणार. संग्राहक साल, टांकसाळ आणि झीज बघतो, आणि घासलेलं दिसलं की तोंड वाकडं करतो.

नानाकाका: 1911?

थोरली काकू: नाही हो भावजी, चारदा पाहिलं.

आत्या: पंधरा होते. आईने माझ्यासमोर मोजले होते.

थोरली काकू: वन्सं, म्हणजे मी घेतला?

आत्या: मी कुठं नाव घेतलं, वहिनी? 🙏

वहिनी: यूट्यूबवर ॲल्युमिनियम फॉइल आणि सोडा सांगतायत. करू का?

मी: नको!! उरलासुरला थरही जाईल. आता काहीही लावू नका. कडेने धरा, एकेक कागदी पाकिटात ठेवा. पीव्हीसीच्या पिशवीत हिरवट चिकटा चढतो.

दादा: वहिनीची टूथपेस्ट संपली, आता माझी घेतील 😂

वहिनी: स्वतःच्या बायकोला ग्रुपवर वहिनी म्हणताय, शाब्बास.

अण्णा: पंधराव्याला आईने कडी लावून घेतली होती. कोणाच्या मुलीच्या बारशाला, आठवतंय का कुणाला?

मी: कडी डागलेल्याला चांदीचाच भाव.

आत्या: हा मेसेज डिलीट केला आहे.

नानाकाका: तो 1911 चा होता का?