मदत हवी आहे: ऑर्डर १४४ च्या ग्रुपमध्ये सिलोची मोजणी नेमकी कुठे फसते ते कसं शिकवावं?

ऑर्डर १४४ चा (म्हणजे १४४ घटकांचा) ग्रुप सिम्पल नसतो, म्हणजे एकक आणि पूर्ण ग्रुप सोडून त्यात आणखी एखादा नॉर्मल (कॉन्जुगेशनने न बदलणारा) सबग्रुप असतोच, हे सिलोच्या प्रमेयांवरून समजावायचं आहे. १४४ = १६ × ९, म्हणून ३-सिलो सबग्रुप (ऑर्डर ९ चे) १, ४ किंवा १६. एकच असेल तर तो नॉर्मल. चार असतील तर कॉन्जुगेशनमधून एस-४ मध्ये (चार वस्तूंच्या २४ परम्युटेशनांच्या ग्रुपमध्ये) होमोमॉर्फिझम मिळतं, आणि १४४ > २४ असल्याने कर्नल (एककावर जाणारे घटक; हा नॉर्मल असतोच) मोठा निघतो.

खरी अडचण १६ ची. मुलं सरळ १६ × ८ = १२८ लिहितात आणि उरलेल्या १६ घटकांचा एकमेव २-सिलो सबग्रुप बनवतात. पण ९ मूळ संख्या नाही. दोन सबग्रुपांत ऑर्डर ३ चा सबग्रुप 'ड' सामाईक असू शकतो. एस-४ मध्येच पाहा: ऑर्डर ८ चे तीन सबग्रुप वेगळे धरले तर त्यांचे २१, ऑर्डर ३ चे ८ आणि एकक १ असे २१ + ८ + १ = ३० घटक होतात, ग्रुपात आहेत २४! त्या तिघांत ४ घटक सामाईक असतात, म्हणून मिळून १६ च.

'ड' असेल तर ऑर्डर ९ चे दोन्ही सबग्रुप अॅबेलियन, म्हणून दोन्ही 'ड' च्या नॉर्मलायझरमध्ये (कॉन्जुगेशनने 'ड' जागच्या जागी ठेवणाऱ्या घटकांच्या सबग्रुपमध्ये) बसतात. मग तिथे किमान चार ३-सिलो सबग्रुप, म्हणजे नॉर्मलायझरची ऑर्डर ३६ च्या पटीत आणि इंडेक्स (१४४ भागिले ती ऑर्डर) फार तर ४. इथे मुलं हरवतात.

या युक्तीवाचून चालणारच नाही असं, १४४ पेक्षा लहान ऑर्डरचं उदाहरण सुचवाल का? ९० नको: ९० = २ × ४५, तिथे केलीच्या प्रमेयातून ऑर्डर २ चा घटक विषम परम्युटेशन ठरतो आणि इंडेक्स २ चा सबग्रुप आयता मिळतो.