बीईई ॲफिडेव्हिटमध्ये मी 'ब्लॅक' धरला जातो का? क्लायंटने सर्टिफिकेट मागितलंय (जोहान्सबर्ग)

मिडरँडचा_नाशिककर
नमस्कार मंडळी, जरा अडकलोय. मिडरँडला माझा पॅकेजिंगचा धंदा आहे, खोकी, पाउच, स्ट्रेच रॅप असं कंपन्यांना सप्लाय करतो, मी आणि नऊ माणसं, कंपनी शंभर टक्के माझ्याच नावावर. २००४ ला इथे आलो, २०१२ ला साउथ आफ्रिकेचं नागरिकत्व घेतलं. गेल्या वर्षी एका मोठ्या क्लायंटला बीईईचं (वर्णभेदाच्या काळात डावललेल्या ब्लॅक लोकांना धंद्यात वाटा मिळावा म्हणूनचा इथला कायदा) ॲफिडेव्हिट, म्हणजे शपथपत्र, हवं होतं तेव्हा ओळखीतला एकजण म्हणाला की इथल्या कायद्यात ब्लॅक म्हणजे आफ्रिकन, कलर्ड आणि इंडियन, मग तू इंडियनच की, टाक शंभर टक्के ब्लॅक मालकी, लेव्हल १ मिळते, म्हणजे सगळ्यात वरची. मी टाकलं. पोलीस स्टेशनात रांग लावली, काउंटरवर दोरीला बांधलेल्या पेनने सही केली, कॉन्स्टेबलने वर मान न करता शिक्का मारला, एक रँड खर्च नाही.
आता यंदाची उलाढाल १ कोटी १२ लाख रँड झालीय आणि क्लायंटची बाई म्हणते १ कोटीच्या वर ॲफिडेव्हिटवर भागेलच असं नाही. एका कन्सल्टंटला भेटलो, तो म्हणतो गोडाऊनमधल्या माणसाला कागदावर ५१ टक्के दाखवू, त्याला महिन्याला थोडे जास्त द्या, सगळे असंच करतात. मला काही ते पटेना. कोणी यातून गेलंय का?

डर्बनची_ताई
दादा, आधी त्या कन्सल्टंटचा नंबर ब्लॉक करा मग पुढचं वाचा.
मी अकरा वर्षं हेच काम करते, कंपन्यांचे बीईईचे कागद तयार करून देणं, त्यामुळे जरा लांबलचक लिहितेय. तुमची पहिली गफलत नागरिकत्वाची. इंडियन मोजले जातात हे खरं, पण जन्माने किंवा वंशाने इथले नागरिक असलेले, नाहीतर २७ एप्रिल १९९४ च्या आधी नागरिकत्व मिळालेले. त्यानंतर मिळालेलं असेल तर फक्त ज्यांना अपार्थाइडमुळे, म्हणजे वर्णभेदाच्या कायद्यांमुळे, आधी ते मिळू शकलं नाही असेच लोक. तुम्ही २००४ ला आलात, म्हणजे या हिशोबात तुमची ब्लॅक ओनरशिप शून्य. गेल्या वर्षीचं ॲफिडेव्हिट चुकीचं होतं आणि गंमत बघा, ते खोटं टाकायची गरजच नव्हती. १ कोटी रँडच्या आत उलाढाल असलेली कंपनी म्हणजे ईएमई, तिला ब्लॅक ओनरशिप शून्य असली तरी आपोआप लेव्हल ४ मिळते. लेव्हल ४ म्हणजे क्लायंटने तुमच्याकडे खर्च केलेले शंभर रँड त्याच्या हिशोबात शंभरच धरले जातात. लेव्हल १ ला १३५ धरतात, म्हणून त्याला लेव्हल १ चे सप्लायर आवडतात, इतकंच.
आता ते कागदावरचे ५१ टक्के. याला फ्रंटिंग म्हणतात आणि २०१३ च्या दुरुस्तीपासून तो गुन्हा आहे, माणसाला दहा वर्षांपर्यंत कैद, कंपनीला उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड. आमच्याकडे एक केस आली होती, नाव सांगत नाही, ड्रायव्हरला डायरेक्टर केलेलं, व्हेरिफिकेशनला आलेल्या मुलीने त्याला सहज विचारलं की बाबा गेल्या वर्षी डिव्हिडंड किती मिळाला, तो म्हणाला डिव्हिडंड म्हणजे काय. तिने पेन खाली ठेवलं.

पुणेरी_इन_सँडटन
म्हणजे आपल्याकडचं आरक्षणच झालं की हे, फक्त धंद्यात. आपण पण ब्राउन, मग आपल्याला का नाही?

खेडची_सून
@पुणेरी_इन_सँडटन दादा, याचं उत्तर माझ्याच घरात आहे. माझं माहेर खेड, सासर केपटाउनचं, कोकणी मुसलमान, चार पिढ्या इथेच. सासऱ्यांचं दुकान डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये होतं. १९६६ ला सरकारने तो भाग फक्त गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर केला आणि पुढे सगळ्यांना उठवलं. सासूबाई अजून सांगतात की पिठाचे डबे हातगाडीवर घालून निघालो. त्या नुकसानीचा हा हिशोब आहे, कातडीच्या रंगाचा नाही. मी २००९ ला नागरिक झाले, माझं काय गेलं होतं इथे? काहीच नाही. एकाच ताटात जेवतो पण नवरा मोजला जातो, मी नाही, आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही.
पण त्याचा फटका मात्र बसला असता. दुकान नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, लेव्हल १. त्याच्या मनात आलं बायकोला अर्धी भागीदारी देऊ. अकाउंटंट म्हणाला थांबा, ५०-५० केलंत तर ५१ ची रेघ चुकली आणि सरळ लेव्हल ४ ला याल. मग मला ४९ टक्के दिले, लेव्हल २ राहिली. नवरा अजून चिडवतो की एका टक्क्यासाठी बॉस मीच.

डर्बनची_ताई
@खेडची_सून एकदम बरोबर 😄 आणि आरक्षण म्हणावं तर खाजगी कंपनीवर याची थेट सक्ती पण नाहीये. सरकारला माल विकणाऱ्याला पॉइंट लागतात, तो सप्लायरकडे मागतो, तो पुढे त्याच्या सप्लायरकडे, असं करत करत मिडरँडच्या गोडाऊनपर्यंत येतं.
नाशिककर, पुढचं. १ ते ५ कोटीत गेलात की क्यूएसई. क्यूएसईचे ५१ टक्के खरोखर ब्लॅक मालक असतील तर ॲफिडेव्हिट चालतं, नसतील तर सॅनसची (एजन्सींना मान्यता देणारी इथली संस्था) मान्यता असलेल्या एजन्सीकडून व्हेरिफिकेशन. आपोआप मिळणारी लेव्हल ४ गेली, आता पेपर सोडवायचा आणि मार्क मिळवायचे. ओनरशिप २५, मॅनेजमेंट १५, स्किल्स २५, एंटरप्राइझ आणि सप्लायर डेव्हलपमेंट (ब्लॅक मालकांच्या छोट्या धंद्यांना आणि सप्लायरना हात देणं) ३०, सामाजिक खर्च ५. ओनरशिपमध्ये किमान मर्यादा गाठली नाही तर आलेली लेव्हल एका पायरीने खाली येते. बाकीच्यात बरंच हातात असतं. पगाराच्या ३ टक्के ट्रेनिंगवर, निव्वळ नफ्याच्या १ टक्का सप्लायर डेव्हलपमेंटला, १ टक्का एंटरप्राइझला, १ टक्का सामाजिक कामाला. पैसे त्याच आर्थिक वर्षात खात्यातून गेलेले दिसले पाहिजेत. वर्ष फेब्रुवारीला संपत असेल आणि मार्चमध्ये मला फोन केलात तर मी चहा पाजेन, बाकी काही करू शकणार नाही. आणि ट्रेनिंगची रिपोर्ट सेटाला (आपल्या धंद्याच्या क्षेत्रातलं ट्रेनिंग बघणारी सरकारी संस्था) ३० एप्रिलच्या आत भरा, नाहीतर खर्च केलेला असूनही स्किल्सचे मार्क बोंबलतात.

केम्प्टन_पार्क_काका
नाशिककर, एक बारीक प्रश्न. तुझे ते १ कोटी १२ लाख व्हॅट धरून की सोडून?

मिडरँडचा_नाशिककर
काका... मी इनव्हॉइसची बेरीज मारली होती. म्हणजे धरून.

केम्प्टन_पार्क_काका
मग भाग १.१५ ने. व्हॅट हा तुझा पैसाच नाही रे, तू फक्त वसूल करून सरकारला देतोस. उलाढाल नफा-तोट्याच्या पानावर बघायची, बँकेच्या स्टेटमेंटवर नाही.

मिडरँडचा_नाशिककर
आत्ता अकाउंटंटशी बोललो. ९७ लाख ३९ हजार. म्हणजे अजून ईएमईच!! काका तुम्हाला वडापाव माझ्याकडून. पण गेल्या वर्षीच्या ॲफिडेव्हिटचं काय करू? वर्षाची मुदत तशीही पुढच्या महिन्यात संपतेय, नवीन बरोबर दिलं की जुनं आपोआप विसरलं जाईल का?

डर्बनची_ताई
नाही. कायद्यात 'जाणूनबुजून' चुकीची माहिती दिली तर गुन्हा असं आहे. कालपर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं. आजपासून माहीत आहे. उद्याच नवीन करा, लेव्हल ४, ब्लॅक ओनरशिप शून्य, आर्थिक वर्ष कुठल्या तारखेला संपतं ते नीट भरा, आणि घरून सही करून नेऊ नका, शिक्का मारणाऱ्यासमोरच करा, दोघांची तारीख एकच हवी. सोबत क्लायंटला ईमेल, की आधीचं चुकून गेलं होतं, हे दुरुस्त. त्यांनी लेव्हल १ धरून तुमच्याकडची खरेदी मोजली असेल, २० लाखाची २७ लाख, ते त्यांच्या व्हेरिफिकेशनमध्ये निघण्याआधी तुमच्याकडून कळलेलं बरं.
आणि पुढच्या वर्षी तुम्ही १ कोटी पार करणारच, तेव्हा आत्ताच ठरवा कोणाला खरी भागीदारी द्यायची का. खरी म्हणजे मत, नफा आणि चेकबुक बघायचा हक्क.

मिडरँडचा_नाशिककर
ईमेल ड्राफ्ट केलाय, पाठवताना हात थरथरतोय पण पाठवतो. भागीदारीचं म्हणाल तर आमची ऑपरेशन मॅनेजर सोवेटोची आहे, सहा वर्षं माझ्याकडे, निम्मे क्लायंट मला सोडून तिलाच फोन करतात. तिच्याशी शनिवारी बसतो. ती आधी तीन वर्षांचे ताळेबंद मागेल, ओळखतो मी तिला.

केम्प्टन_पार्क_काका
मग दे तिला. आणि वडापावचं विसरू नकोस, सुकी चटणी वेगळी बांधून.