११ वर्षांच्या भाचीसाठी पुस्तक किंवा सिनेमा सुचवा (बजेट ८००, नाशिक)

इंदिरानगरची_मावशी
रविवारी भाचीचा वाढदिवस आहे. ११ पूर्ण. मुलगी नायिका असलेलं, मुलींना बळ देणारं असं काहीतरी द्यायचंय. बजेट ८०० रुपये, त्यावर एक रुपया नाही. मराठी सरसर वाचते, इंग्रजीचा कंटाळा. मागच्या वर्षी थोर स्त्रियांच्या चरित्रांचं पुस्तक दिलं होतं. चार चरित्रं वाचून विचारते, "मावशी, या सगळ्या नुसत्या सोसतच का राहतात गं?" मला उत्तर सुचलं नाही. तेव्हा सोसणं कमी आणि उचापती जास्त असलेलं सांगा. सध्या फास्टर फेणेवर आहे, घरभर "ट्टॉक" करत फिरते. मेनरोड, शालिमार, कॉलेज रोडला मिळेल असं असेल तर उत्तम.

सातपूरचा_बाबा
डोळे झाकून 'गुड नाईट स्टोरीज फॉर रिबेल गर्ल्स' घ्या. २०१६ चं. लोकांकडून वर्गणी गोळा करून छापलेलं पुस्तक आहे. शंभर बायका, प्रत्येकीला एक पान गोष्ट आणि एक पान चित्र. मी लेकीसाठी पुढच्या भागासकट मागवलं. किंमत विचारू नका. ऑनलाइन मागवलं तर एकाचा कोपरा दुमडून आला, तक्रार केली तर म्हणे फोटो पाठवा. पाठवले. अजून पाठवतोच आहे.

इंदिरानगरची_मावशी
दादा, इंग्रजीचा कंटाळा आहे असं वर लिहिलंय.

सातपूरचा_बाबा
त्यासाठीच तर घ्यायचं. इंग्रजी सुधारतं.

गोदाकाठची
नाशिकची असून लक्ष्मीबाई टिळकांचं नाव कुणी घेत नाही याचं आश्चर्य वाटतं. १८६८ साली इथे जवळच जलालपूरला जन्मल्या. 'स्मृतिचित्रे' सारखं खळखळून हसवणारं आत्मचरित्र मराठीत दुसरं नाही. वडिलांच्या सोवळ्याचे किस्से वाचताना माझ्या आजीला ठसका लागायचा. स्वतःवरही हसतात बाई. लग्नानंतर लिहायवाचायला शिकल्या आणि पुढे हे लिहिलं, पहिला भाग १९३४ साली आला.

मिसळ_आणि_मत
ताई, पुस्तक थोरच. पण ११ वर्षांच्या मुलीला? मला बीएला होतं तेव्हाही जड गेलं.

गोदाकाठची
तुम्हाला जड गेलं म्हणून तिला जाईल असं नाही. मोठ्याने वाचून दाखवायचं, रोज चार पानं.

कॉलेजरोड_टॉकीज
पुस्तकं राहू द्या. फुकटात आणि नाशिकचंच हवं असेल तर फाळक्यांचा 'कालिया मर्दन' दाखवा. १९१९ चा मूकपट, शिल्लक राहिलेला भाग जालावर बघायला मिळतो. यातला कृष्ण म्हणजे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, वय सातच्या आसपास. सुरुवातीला नुसता तिचा चेहरा आहे. पोरगी एकामागून एक हावभाव करून दाखवते, रडवेला, रागीट, हसरा, आणि बघता बघता त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. मग पाण्यात नागाशी झुंज. मी शंभर वेळा पाहिलाय. शंभर वर्षांपूर्वी एका मुलीला खोड्या काढायला आख्खा सिनेमा मिळाला होता, आजच्या किती मुलींना मिळतो सांगा.

पंचवटीकर६७
त्याच फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती कोण झालं होतं? साळुंके नावाचा पुरुष. हॉटेलात काम करणारा. तेव्हा फार कौतुक नको.

कॉलेजरोड_टॉकीज
अहो, बायका मिळतच नव्हत्या तेव्हा. त्याच वर्षी, १९१३ ला, 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, दोघी मायलेकी पडद्यावर आल्या. तोही नाशकातच केलेला. अर्धं वाचून टाकायची सवय सोडा.

पंचवटीकर६७
सवयी तुम्ही शिकवू नका.

सिडको_शटलर
'दंगल' दाखवा, विषय संपला.

तिखट_शेव
'दंगल'मध्ये बाप ठरवतो, बाप केस कापतो, बाप पळवतो. मुलींना विचारलं कुणी? माझा नियम सोपा आहे. ॲलिसन बेक्डेल या अमेरिकन चित्रकर्तीच्या १९८५ च्या व्यंगचित्रातून आलाय. सिनेमात दोन बायका हव्यात, दोघींनी एकमेकींशी बोलायला हवं आणि तेही पुरुष सोडून दुसऱ्या विषयावर. लावून बघा, निम्मे सिनेमे आपटतात.

सिडको_शटलर
आमच्या बिल्डिंगमध्ये दोन बायका रोज सकाळी एक तास पाण्याच्या मोटरीवर बोलतात. पास का?

तिखट_शेव
पास. त्यावर सिनेमा काढा, मी तिकीट घेईन.

शाळामास्तर_निवृत्त
सावानाचं, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं, सभासदत्व घ्या. १८४० ची संस्था आहे, एक पुस्तक देण्यापेक्षा पुस्तकांचं घर द्या. शिवाय बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक, १९७१ पासूनचे, त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. वर्गात मी मुलांकडून त्यातली कोडी सोडवून घ्यायचो. मुली नेहमी पुढे असत.

सिडको_शटलर
सावाना चांगलंच, पण शालिमारला गाडी लावून दाखवा.

पंचवटीकर६७
रविवारी सकाळी नऊच्या आत गेलात तर मिळते जागा.

मिसळ_आणि_मत
नऊच्या आत मी मिसळीच्या रांगेत असतो.

हरसूल_रोड
आमच्या भागातल्या कविता राऊतबद्दल सांगा तिला. सावरपाड्याची. डोंगरात पळत पळत मोठी झाली, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला कांस्य आणलं. ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय बाई, त्या स्पर्धेत. गावाकडे अजून म्हातारे लोक सांगतात, "आमच्या बांधावरून पळायची." पुस्तक माहीत नाही, पण गाडी काढून तिला तो रस्ता दाखवता येईल.

नवी_आई_अंबड
'तोत्तोचान' कुणीच कसं नाही सांगितलं! पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली जपानी मुलगी. गुन्हा काय, तर डेस्कचं झाकण दिवसभर उघडझाप करायची आणि खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारायची. मग नवी शाळा मिळते, वर्ग कुठे, तर आगगाडीच्या जुन्या डब्यांत. मराठीत आहे, नॅशनल बुक ट्रस्टचं आहे, म्हणजे स्वस्तही. माझ्या मुलाने वाचून आमच्या कपाटाचं दार उघडझाप करून बिजागरी सैल केली.

गोदाकाठची
+१. पण आधी 'स्मृतिचित्रे'.

सातपूरचा_बाबा
'रिबेल गर्ल्स' घ्या. वर सांगितलंच आहे.

इंदिरानगरची_मावशी
'तोत्तोचान' तिच्याकडे आहे, पाठ आहे. बाकी सगळं लिहून घेतलं. रविवारनंतर सांगते.

इंदिरानगरची_मावशी
झालं. सगळ्यांना आधी सॉरी. शनिवारी तिला घेऊनच दुकानात गेले. मुली नायिका असलेली पाच-सहा पुस्तकं काढून ठेवली समोर. तिने सगळी चाळली आणि म्हणाली, मला फास्टर फेणेच पाहिजे, हे दोन राहिलेत. मी म्हटलं, अगं पण तो मुलगा आहे ना. तर म्हणे, "मावशी, वाचताना तो थोडाच असतो? मी असते." आणि वर "ट्टॉक". दुकानदार हसला. दोन्ही घेतली, बजेटमध्ये बसली, उरलेल्या पैशांत उसाचा रस. रात्री 'कालिया मर्दन' मात्र दाखवला. मंदाकिनीचे हावभाव आरशासमोर करून बघतेय कालपासून, रागीट अजून जमत नाही.

गोदाकाठची
मग विचारलंत कशाला?

कॉलेजरोड_टॉकीज
रागीटला भुवया नाही, नाकपुड्या. सांगा तिला.

सातपूरचा_बाबा
'रिबेल गर्ल्स'चा दुसरा भाग निम्म्या किमतीत देणे आहे. मुलगी वाचत नाही. एक कोपरा दुमडलेला आहे, फोटो मागू नये.