मदत हवी आहे : सामायिक एसपीआय बसवरील लॉक किती वेळ धरावा?

नमस्कार. महापे एमआयडीसीत आम्ही बनवत असलेल्या बोर्डावर फ्लॅश मेमरी आणि सिग्मा-डेल्टा एडीसी (अॅनालॉग सिग्नलचे आकड्यांत रूपांतरण करणारी चिप) एकाच एसपीआय बसवर (चिप्सना जोडणाऱ्या सामायिक तारांवर) आहेत, आणि एडीसीच्या लिनक्स ड्रायव्हरमधील बदल माझ्याकडे तपासणीसाठी आला आहे. रूपांतरण पूर्ण झाल्याचा संकेत डेटाच्याच तारेवर येत असल्याने चिप सिलेक्ट (चिप निवडणारी तार) खालच्या पातळीवर ठेवून ‘एसपीआय_बस_लॉक’ने बस अडवली जाते. हा लॉक धरलेला असताना एके ठिकाणी ‘एसपीआय_सिंक_लॉक्ड’ऐवजी साधे ‘एसपीआय_सिंक’ आहे. तेही तोच म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारे कुलूप) मागत असल्याने तिथे डेडलॉक (कायमचे अडकून पडणे) अटळ आहे, हे मी कळवले आहे. मला अधिक काळजी वाटते ती सलग नमुने घेताना फ्लॅशवरील लेखन खोळंबण्याची. अशा वेळी प्रत्येक रूपांतरणानंतर बस सोडावी, की एडीसीला स्वतंत्र बस देण्याचाच आग्रह धरावा? अनुभवी मंडळींनी कृपया कारणांसह मार्गदर्शन करावे.