पावसाळ्यातच वाहणारे ओढे: आपले अनुभव लिहावेत

पर्वतीकर
परवाच्या संततधारेनंतर पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून उतरताना एरवी कोरड्या असणाऱ्या घळीतून गढूळ पाणी धावताना दिसले आणि लहानपणीचा आंबील ओढा आठवला. उन्हाळाभर आम्ही त्याच्या पात्रात विटीदांडू खेळत असू, जुलैतल्या एखाद्या रात्री मात्र दगडधोंडे गडगडल्याचा आवाज येई आणि आजी अंथरुणातूनच म्हणे, "ओढा आला." आपल्या भागातील ओढ्यांविषयी अवश्य लिहावे.

मृण्मयी
आम्ही अरण्येश्वर परिसरात राहतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याच्या लोंढ्याने आमच्या सोसायटीची भिंत पाडली आणि पाहता पाहता तळमजल्यावर छातीभर पाणी चढले. अंधारात शेजारच्या आजोबांना चौघांनी उचलून जिन्यावर नेले. आजही पावसाचा जोर वाढला की सासूबाई खिडकीपासून हलत नाहीत.

कातळ
मृण्मयीताई, वाचून फार वाईट वाटले. आपल्याकडे बेसाल्टच्या डोंगरउतारांवर मातीचा थर पातळ असल्यामुळे जोराच्या पावसाचे पाणी मुरण्याआधीच खाली धावते, त्यामुळे आंबील ओढा जेथून येतो त्या कात्रजच्या डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की शहरातील लोकांना सावरायला फारसा वेळ मिळत नाही. त्यातच पात्रात भराव टाकला, तर पाण्याने जावे कोठून?

बावधनची सून
आमच्याकडे रामनदी. नाव नदीचे असले, तरी उन्हाळ्यात तिच्यातून वाहते ते बहुतांशी सांडपाणीच. सासरे सांगतात की पहिल्या मोठ्या पावसानंतर ते कंदील घेऊन काठावर खेकडे धरायला जात आणि रात्री उशिरा घरात रस्सा शिजे.

पर्वतीकर
रश्श्याची कृती सवडीने नक्की लिहा.

जुना पुणेकर
आंबील ओढा पूर्वी आजच्या पेठांमधून वाहत असे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह वळवण्यात आला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले. सारसबाग त्याच जागी आहे. ओढा वळवताना त्यांनी त्याला दुसरी वाट दिली होती, हे आज बांधकामांना परवानगी देणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कातळ
मृण्मयीताई, भिंत पुन्हा बांधली का?

मृण्मयी
बांधली. या वेळी ती ओढ्यापासून मागे घेतली, खाली पाणी निघून जाण्यासाठी मोऱ्या ठेवल्या आणि तळमजल्यावरील विजेचे मीटर पहिल्या मजल्यावर हलवले.