तोटीत करंट उतरला तरी ‘रविवारी बघू’? घरमालक, एजंट आणि तातडीची दुरुस्ती

उंबरठा
काल आपल्या नाशिक शहराच्या ग्रुपवर एका घरमालकाची पोस्ट फिरत होती. म्हणणं असं, की घर भाडेकरू वापरतो तर मोडतोडही त्यानेच निस्तरावी, हल्लीच्या भाडेकरूंना नळाचा वॉशर बदलायलाही मालक लागतो. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय. लांबेल.

वॉशर मीही बदलतो. बल्ब, कडी, जाळी, काही विचारत नाही. पण माझं ऐका. इंदिरानगरला भाड्याने होतो. भाडं 11,000, डिपॉझिट 40,000, शिवाय एजंटला एका महिन्याचं भाडं. जुलैत बाथरूमच्या भिंतीला ओल आली. गिझरच्या सॉकेटखाली रंग फुगला, मग पापुद्रे सुटले. एका सकाळी बायकोने नळ धरला आणि किंचाळली. हाताला झिणझिण्या. मी टेस्टर टेकवला तर तोटीवर दिवा लागला! मुलगी तेव्हा चार वर्षांची, त्याच नळाखाली बादली भरून खेळायची.

एजंटला फोन केला. “साहेब, माझं काम घर दाखवायचं.” मालक पुण्याला. पहिल्या दिवशी “रविवारी बघू”, तिसऱ्या दिवशी “माझा माणूस येईल”, सहाव्या दिवसापासून फोनच उचलला नाही. नऊ दिवस मेन स्विच पाडून आंघोळी केल्या. दहाव्या दिवशी मीच इलेक्ट्रिशियन आणला. आर्थिंगची वायर बोर्डात नुसती लोंबत होती, कुठेच जोडलेली नव्हती. त्याने ती जोडली, ओला बोर्ड बदलला, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवला. 4,200 रुपये झाले. बिल पाठवून भाड्यातून कापले. घर सोडताना मालकाने तेवढेच डिपॉझिटमधून कापून घेतले आणि “न विचारता वायरिंगला हात लावलात” हेही ऐकवलं.

वीज, पाणी, ड्रेनेज आणि डोक्यावरचं छत ही कामं मालकाची. त्यांची मुदत तासांत मोजा.

सिडकोकर काका
तुमच्या मालकाने चूक केली, मान्य. पण एका मालकावरून सगळ्यांना झोडपू नका. निवृत्तीच्या पैशातून एक फ्लॅट घेतला, भाडं येतं 9,000. मागच्या भाडेकरूचा रात्री अकराला फोन, “काका, संडास तुंबलाय, आत्ताच्या आत्ता या.” मी बासष्ट वर्षांचा माणूस पावसात स्कूटर काढून गेलो. सकाळी चेंबर उघडलं तर फरशी पुसायचं अख्खं फडकं निघालं. त्याचे 1,500 कोणी द्यायचे? मीच दिले, कारण तो म्हणाला “घर तुमचं.”

आणि ओल वरून आली असेल तर मालक काय करणार? वरच्याचं बाथरूम गळत असेल तर ते त्याचं काम. गच्ची गळत असेल तर उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमांप्रमाणे, सोसायटीचं. आमच्या सोसायटीत वॉटरप्रूफिंगचा ठराव तीन सभा झाल्या तरी अडकलाय.

उंबरठा
काका, फडक्याचे पैसे भाडेकरूचेच, तिथे मी तुमच्या बाजूने. पण वरच्याशी किंवा सोसायटीशी भांडायचं कोणी? सभेत मत मालकाला असतं, आम्हाला तिथे कोणी उभंही करत नाही.

काळा कोट
वकील आहे, कोर्टात रोज हेच बघते, म्हणून दोन गोष्टी सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14. घर दुरुस्त ठेवणं मालकाचं कर्तव्य. त्याने टाळलं तर किमान 15 दिवसांची नोटीस द्यायची, तरीही काम झालं नाही तर भाडेकरूने करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून कापायचा. मात्र वर्षात कापलेली रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशावर जाता कामा नये. कलम 29 म्हणतं, मालकाने पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट अशा आवश्यक सोयी सबळ कारणाशिवाय तोडायच्या किंवा अडवायच्या नाहीत.

आता मेख. अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करता तेव्हा कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नसता, घर वापरायचा परवाना घेतलेले परवानाधारक असता. कलम 14 भाडेकरूबद्दल बोलतं. मालकाचा वकील पहिला आक्षेप हाच घेणार. म्हणून जे हवं ते करारात लिहून घ्या. नोंदणीच्या वेळी जादा अटी टाकता येतात, पण एजंटने पाठवलेला मसुदा कोणी वाचतच नाही.

उंबरठा
आणि परवानाधारकाचं सोडा, 15 दिवसांची नोटीस द्यायची म्हणजे 15 दिवस त्या नळाला हात लावायचा?

रविवार कारंजा
कलम 14 चं नाव काढलंत म्हणून बोलतो. जुन्या नाशकात आमचा वाडा आहे, आजोबांच्या वेळचे सहा भाडेकरू. एकेकाचं भाडं महिना 45 रुपये. कायदा मला वर्षाला 4 टक्के वाढ देतो, म्हणजे 1 रुपया 80 पैसे. सागवानी तुळई बदलायची तर सुताराने लाखाच्या वर आकडा सांगितला. सहा जणांचं वर्षाचं मिळून भाडं 3,240! कुठून करू दुरुस्ती? पावसाळा आला की महापालिका धोकादायक वाड्याची नोटीस दाराला डकवून जाते. पडला तर गुन्हा माझ्यावर, पाडायला काढला तर हेच भाडेकरू स्थगिती आणतात.

वाड्यातली सून
दादा, तुमच्यासारख्याच वाड्यात मी एकवीस वर्षं राहते. 45 रुपये ऐकायला बरे वाटतात. सासऱ्यांनी खोली घेताना पागडी मोजली होती, ती का नाही सांगत? पावसात आमच्या स्वयंपाकघरात तीन पातेली मांडलेली असतात, एक गॅसच्या शेगडीवरच. माळवदाची माती भिजून भातात पडते. रात्री लाकूड करकरलं की मी मुलांना उठवून ओट्यावर आणून बसवते. पाच वर्षांत आमच्या मालकाने एकदाही जिना चढून वर बघितलं नाही. त्यांना वाडा पडायलाच हवाय, जागा बिल्डरला द्यायचीय.

रविवार कारंजा
तोंडाला येईल ते बोलू नका. मला ओळखता का तुम्ही? गेल्या वर्षी दोन टेकू मी पदरचे 18,000 घालून लावले. खोल्या सहा महिने रिकाम्या करा, दुरुस्त करून देतो म्हटलं, तर एक जण हलला नाही.

वाड्यातली सून
हलणार कसे? आमच्या गल्लीत एक कुटुंब “सहा महिन्यांसाठी” बाहेर पडलं. सात वर्षं झाली, पाथर्डी फाट्याला महिना 8,000 भरतायत, आणि वाड्याच्या जागी पत्रे ठोकलेत.

काळा कोट
दुरुस्तीसाठी खोली सोडली तर परत ताबा मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. पण ती कोर्टामार्फत सोडायची. तोंडी शब्दावर चावी दिलीत तर ते संरक्षण हातातून गेलं. आणि ताई, कलम 14 तुम्हाला नक्की लागू होतं, तुम्ही खऱ्या अर्थाने भाडेकरू आहात. फक्त 45 च्या हिशोबाने वर्षाचे 540, त्याचा चतुर्थांश 135 रुपये.

वाड्यातली सून
135 रुपयांत ताडपत्री येत नाही, मॅडम.

रविवार कारंजा
तेच तर मी ओरडून सांगतोय!

पाथर्डीफाटा
अहो, वाड्यांचा वेगळा धागा काढा. इथे फ्लॅटचं चाललं होतं. गरीब मालक म्हणून गळा काढणाऱ्या काकांना एक विचारायचंय. प्राप्तिकरात घरभाड्याच्या उत्पन्नावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीला एक रुपया लावला नाही तरी मिळते. ती घेताना घर तुमचं आणि गिझर बिघडला की घर आमचं?

सिडकोकर काका
गळा काढला नाही, आणि वजावट मी घेतो, लपवत नाही. पण फ्लॅटचा मेंटेनन्स, घरपट्टी तुम्ही भरता का? महिनाभर फ्लॅट रिकामा राहिला तर कोण देतं? जरा वयाचा मान ठेवून बोला.

पाथर्डीफाटा
मान ठेवतो काका, शब्द चढला असेल तर मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. आमच्या भाड्याच्या घरातल्या बिघडलेल्या गिझरने माझ्या आईचा हात भाजलाय.

उंबरठा
परवा नव्या घराचा करार आहे, गंगापूर रोडला. जादा अटींत हे टाकलंय: “शॉक किंवा वायरिंगचा दोष, पाणी बंद, ड्रेनेज तुंबणे, छत किंवा सज्जा सुटणे यांची सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसह दिल्यापासून 48 तासांत मालकाने काम सुरू करावे. न केल्यास परवानाधारकाने करून घ्यावे व बिलाची रक्कम पुढच्या महिन्याच्या भाड्यातून वळती करावी. दोष वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा असल्यास खर्च त्याचा.” शेवटचं वाक्य काकांच्या फडक्यासाठी. एजंट म्हणाला, असं कोणी लिहीत नाही. मी म्हटलं, मग दलालीही लिहू नका.

काळा कोट
शॉकला 48 तासही जास्त आहेत, तिथे 24 करा. आणि “डिपॉझिटमधून परत कापता येणार नाही” हे जोडा, नाहीतर मागच्यासारखंच होईल.

सिडकोकर काका
24 तासांत सिडकोत इलेक्ट्रिशियन मिळवून दाखवा, मग बोला. तरी माझ्या पुढच्या करारात 48 लिहीन. पण माणूस माझ्या यादीतला, आणि 3,000 च्या वर खर्च असेल तर आधी फोन करायचा. मी उचलतो.

उंबरठा
तुम्ही उचलाल, काका. न उचलणाऱ्यांसाठी अट आहे. 3,000 ची मर्यादा मीही घालतो.

वाड्यातली सून
तुमचं मिटलं ते बरं झालं. कारंजावाले दादा, मघाशी रागात बोलले. तुम्ही टेकू लावलेत, आमच्यांनी तेही नाही लावले. तुमचा सुतार कोण होता, तेवढं सांगाल का? आमच्या मधल्या खोलीची तुळई कालपासून दोन बोटं खाली आलीय.

रविवार कारंजा
नंबर मेसेजमध्ये टाकलाय. तो भद्रकालीतच असतो. तुळईखाली आज झोपू नका.