परदेशातल्या आपत्तीत पाठवलेली मदत: करदात्याच्या पदरात काय पडतं?

रावपुरा_नाका: ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी बडोद्यात घराघरांत शिरली. काठाचं काम म्हटलं की पैसा नाही, आणि तुर्कस्तान-म्यानमारला विमानं भरून जातात. 2023 च्या भूकंपात तुर्कस्तानला मदत पाठवायला 'ऑपरेशन दोस्त' केलं, 2025 च्या मेमध्ये तोच तुर्कस्तान उघड पाकिस्तानच्या बाजूने. हिशेब सांगा, भाषण नको.

आकडेमोड: 2025-26 चं केंद्राचं अंदाजपत्रक सुमारे 50.65 लाख कोटींचं. त्यात परराष्ट्र मंत्रालयाला 20,516 कोटी, पैकी इतर देशांना साहाय्य 5,483 कोटी. शंभर रुपयांत 11 पैसे! त्यातही 2,150 कोटी एकट्या भूतानचे. संकटकाळी पाठवलेल्या मदतीचा वाटा त्याहून किरकोळ. विश्वामित्रीचा काठ या पैशात बांधून होणार नाही.

एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) जवानांचा पगार गृह मंत्रालयाकडून जातो, ते परदेशी गेले नसते तरी तो द्यावाच लागला असता. वरखर्च फक्त इंधन, सामान आणि मुक्कामाचा.

जरोद_फाटा: त्या वरखर्चात मिळतो तो सराव. आपल्या बडोद्याजवळच्या जरोदच्या एनडीआरएफच्या सहाव्या बटालियनचं पावसाळ्यातलं काम बहुतांशी बोटींचं. पण कच्छ भूकंपाच्या तीव्र धोक्याच्या पट्ट्यात येतं, आणि एकावर एक बसलेले स्लॅब कापून आत शिरायचं कसब मैदानावरच्या कवायतीत पुरतं येत नाही. तुर्कस्तानात नुरदागीच्या ढिगाऱ्यातून सहा वर्षांची मुलगी निघाली, ती कुत्रीने जागा दाखवल्यावर. गेल्या होत्या गाझियाबाद-कोलकाता-वाराणसीच्या तुकड्या. आता शिकलेलं इतर बटालियनपर्यंत पोचवलं तरच वसुली; तिथेच गळती होते.

गोदी_हिशेब: पैसा वाया जातो तो चुकीच्या वाहनामुळे. म्यानमारचा भूकंप 28 मार्च 2025 चा. दुसऱ्याच दिवशी हवाई दलाचं पहिलं सी-130 विमान सुमारे 15 टन सामान घेऊन उतरलं: तंबू, पांघरुणं, औषधं. नौदलाचं 'घडियाल' जहाज 5 एप्रिलला 442 टन घेऊन पोचलं. त्यात 405 टन तांदूळ, 30 टन तेल, बाकी बिस्किटं-नूडल्स. हाच तांदूळ विमानाने न्यायचा तर तीसएक फेऱ्या. ढिगाऱ्याखालच्या माणसाला पहिले 72 तास मोलाचे, म्हणून विमानात कटर, कुत्री, डॉक्टर. तांदळाला आठवडा चालतो.

रावपुरा_नाका: आणि श्रीलंकेचं? 2022 ला चार अब्ज डॉलर म्हणे.

आकडेमोड: ते बहुतेक कर्ज, दान नव्हे. केंद्राच्या एक्झिम बँकेच्या कर्जरेषेवर (ठरल्या मर्यादेपर्यंत उचलायच्या कर्जावर) साधारणपणे 75 टक्के माल-सेवा भारतातूनच घ्यावी लागते, म्हणजे पैसा फिरून आपल्याच कारखानदाराकडे. धोका वसुलीचा, त्याच वर्षी श्रीलंकेने परदेशी कर्जफेड थांबवली होती. पण न दिलं असतं तर धनुष्कोडीला तिथले निर्वासित घेऊन येणाऱ्या होड्या वाढल्या असत्या, तो खर्च कोणत्याच रकान्यात दिसत नाही.

जरोद_फाटा: तुर्कस्तानबद्दलचा राग बरोबर आहे. मदतीने मैत्री विकत मिळते असं समजून खर्च मांडलात तर तोटाच दिसणार. 'दोस्त' हे नाव ठेवणाऱ्याने जरा घाई केली, इतकंच.